नाशिकहून खगोलशास्त्राच्या इतिहासाच्या आंतरराष्ट्रीय कामात सहभागी होताना

खगोलशास्त्राचा इतिहास हा विषय एका देशात, एका भाषेच्या आधाराने पुरा होण्यासारखा नाही. ग्रहगणिताची कोष्टके, ‘ज्या’ म्हणजे साइनचे आकडे आणि वेध घेण्याच्या पद्धती उज्जैनहून बगदादला, तेथून स्पेनमधील तोलेदोला आणि पुढे पुन्हा फार्सी ग्रंथांच्या वाटेने जयपूरला पोहोचल्या. हा प्रवास उलगडायचा तर संस्कृत जाणणाऱ्याला अरबी जाणणाऱ्याची आणि त्या दोघांना गणित करणाऱ्याची गरज पडतेच. पृथ्वीच्या परिवलनाचा वेग गेल्या अडीच-तीन हजार वर्षांत किती मंदावला, हे आज ठाऊक आहे ते बाबिलोनमधील मातीच्या विटा, चीनमधील दरबारी नोंदी, अरबी ज्योतिषांची निरीक्षणे आणि युरोपातील बखरी यांतील ग्रहणे एकत्र तपासल्यामुळे. नाशिकमध्ये राहून या कामात भाग घेऊ इच्छिणारे शिक्षक, अभियंते, संस्कृतचे विद्यार्थी आणि हौशी आकाशनिरीक्षक यांच्यासाठी हा लेख आहे. विद्यापीठात पद नसेल तर परदेशातील विद्वान आपल्याला विचारणार नाहीत, असे अनेकांना वाटते. माझे मत वेगळे आहे. आपल्या परिसरातच मिळू शकेल अशी एखादी लहान गोष्ट, दुसऱ्याला पुन्हा तपासता येईल इतक्या नीटपणे मांडली, तर ती स्वीकारली जाते. पुढील सर्व पायऱ्या या एकाच गोष्टीकडे नेणाऱ्या आहेत.

आधी आपल्याच प्रदेशातील उदाहरणे पाहावीत

सूर्यसिद्धान्त या प्राचीन संस्कृत ज्योतिषग्रंथाचे सटीप इंग्रजी भाषांतर १८६० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. त्याचे काम एबेनेझर बर्जेस या अमेरिकी मिशनऱ्याने महाराष्ट्रात राहत असताना, येथील शास्त्र्यांच्या मदतीने सुरू केले होते. त्यावरील टिपांचा मोठा भाग अमेरिकेतील संस्कृत पंडित विल्यम ड्वाइट व्हिटनी यांनी लिहिला. भारतीय ज्योतिषाचे मूळ ग्रीक किती आणि स्वतंत्र किती, यावर दोघांचे एकमत नव्हते. तरीही काम अडले नाही. बर्जेस यांनी आपले वेगळे मत त्याच ग्रंथाच्या शेवटी स्वतंत्रपणे नोंदवले. सहकार्यात मतभेद दडपायचे नसतात, ते वाचकाला दिसतील अशा जागी ठेवायचे असतात, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे आढळलेले नाही.

दुसरे उदाहरण शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे. दापोलीजवळील मुरूडचे, शिक्षकी पेशातील हे गृहस्थ. १८९६ साली त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ हा मराठी ग्रंथ पुण्यात निघाला, आणि त्याच वर्षी लंडनमध्ये रॉबर्ट सेवेल या मद्रास इलाख्यातील सनदी अधिकाऱ्यासह त्यांनी लिहिलेला भारतीय कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील भारतात दिसलेल्या ग्रहणांची कोष्टके व्हिएन्नाच्या रॉबर्ट श्राम यांनी तयार केली होती. त्याआधी गुप्तकालीन शिलालेखांच्या तिथी तपासण्यात शिलालेखांचे इंग्रज अभ्यासक फ्लीट यांनाही दीक्षितांच्या गणिताचा उपयोग झाला होता. दीक्षितांकडे मोठे पद नव्हते. तिथीचे गणित त्यांना अचूक येत होते आणि प्रत्येक आकडा कोठून आला हे ते सांगू शकत होते. नवोदिताने पहिले काही महिने दीक्षितांचा मराठी ग्रंथ वाचण्यात घालवावेत, ही माझी आग्रहाची सूचना आहे. अहर्गण, क्षेपक, ध्रुवक, अधिकमास, क्षयतिथी हे शब्द तेथेच पक्के होतात. शिवाय आपल्या भाषेत असा ग्रंथ आहे हे ठाऊक नसलेल्या परदेशी अभ्यासकाला त्यातील एखादा मुद्दा समजावून देणे, हेही आपले पहिले योगदान ठरू शकते. (त्याचे इंग्रजी भाषांतर झालेले आहे, परंतु मूळ मराठीतील बारकावे विचारणारे पत्र आले, तर उत्तर मराठी माणसानेच द्यायला हवे.)

पहिली पायरी: प्रश्न लहान निवडावा

‘प्राचीन भारतीय खगोलशास्त्र’ हा संशोधनाचा प्रश्न नव्हे. ‘नाशिकच्या एका घराण्यातील ग्रहलाघवाच्या पोथीत कोणती कोष्टके आहेत आणि ती छापील ग्रंथाशी कोठे जुळत नाहीत’ हा प्रश्न आहे. नाशिक परिसरात असे प्रश्न विपुल सापडतात. पंचवटी, जुने नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील अनेक घराण्यांत पंचांग वर्तवण्याची आणि ज्योतिषाची परंपरा आहे. त्यांच्याकडे पोथी असेल, तर ती गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघवा’ची किंवा ‘तिथिचिंतामणी’ची असण्याचा संभव मोठा आहे. ‘ग्रहलाघव’ शके १४४२ म्हणजे इसवी सन १५२० चा आणि ‘तिथिचिंतामणी’ त्यानंतर पाच वर्षांनी रचलेला. कोकणातील नांदगावी झालेल्या या ग्रंथकाराने ज्या-चापांची किचकट गणिते टाळून, अकरा वर्षांच्या म्हणजे ४०१६ दिवसांच्या चक्रावर अहर्गण (आरंभापासून गेलेल्या दिवसांची मोजणी) बसवला आणि पंचांगकर्त्यांचे काम हलके केले. त्यामुळे त्याच्या नकला सर्वत्र झाल्या, आणि नकला पुष्कळ असणे हेच संशोधकाच्या फायद्याचे असते.

सिंहस्थ हा दुसरा, खास नाशिकचा विषय. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ, आणि गुरूची प्रदक्षिणा बारा वर्षांची नसून सुमारे ११.८६ वर्षांची असल्यामुळे सात प्रदक्षिणा ८४ ऐवजी सुमारे ८३ वर्षांत पुऱ्या होतात. म्हणजे साधारण तेवढ्या काळात एक सिंहस्थ अकराव्या वर्षी यायला हवा. प्रत्यक्षात कोणत्या वर्षी पर्वणी पाळली गेली, गुरू वक्री होऊन पुन्हा कर्केत गेला तेव्हा काय ठरवले गेले, हे पेशवेकालीन कागद, तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि जुनी वृत्तपत्रे यांतून गोळा करता येते. अशी यादी गुरूच्या गणिती स्थानाशी ताडून मांडली, तर एखादा समाज कोणत्या पंचांगाने चालत होता याचा तो पुरावा होतो. हे काम पॅरिस किंवा ख्राइस्टचर्चमध्ये बसून कोणाला करता येणार नाही.

दुसरी पायरी: आधी काय झाले आहे ते पाहावे

डेव्हिड पिंग्री या अमेरिकी विद्वानाने संस्कृतमधील गणित-ज्योतिष ग्रंथांच्या आणि त्यांच्या हस्तलिखितांच्या नोंदीचे पाच खंड १९७० ते १९९४ या काळात प्रसिद्ध केले. आपल्या हाती आलेल्या ग्रंथाची इतर हस्तलिखिते कोठे आहेत हे पाहण्यासाठी प्रथम तेथे जावे. पुण्याची भांडारकर संस्था, आनंदाश्रम आणि भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्या सूचीही पाहाव्यात. जुन्या मराठी ग्रंथांसाठी नाशिकचे १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय जवळच आहे. लेखांच्या शोधासाठी नासाची ‘अॅस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टिम’ विनामूल्य आहे आणि तीत इतिहासविषयक नियतकालिकांतील जुने लेखही सापडतात. दिल्लीच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे इतिहासविषयक इंग्रजी नियतकालिक १९६६ पासून निघते. त्याचे जुने अंक चाळले म्हणजे लेखाची मांडणी कशी करतात हे कळते.

स्थानिक आख्यायिकाही याच टप्प्यावर तपासाव्यात. विजयदुर्ग किल्ल्यावरील ‘साहेबाचे ओटे’ दाखवून, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी १८६८ च्या ग्रहणात तेथूनच हेलियमचा शोध लावला, असे आपल्याकडे अनेकदा सांगितले जाते. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन यांनी गुंटूरहून पाहिले. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते आणि त्यांनी २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, सौरज्वालांचा वर्णपट मिळवला. विजयदुर्गास ते आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्याच ग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल यांनी तळ दिले होते. विजयदुर्गाचे महत्त्व यामुळे कमी होत नाही, पण चुकीच्या सनासह लिहिलेला लेख परदेशी संपादक पहिल्याच परिच्छेदावर परत करील.

तिसरी पायरी: पोथीची नोंद

येथे घाई करू नये. पोथी ज्यांच्या घरी आहे त्यांची लेखी परवानगी प्रथम घ्यावी. छायाचित्रे कोण वापरू शकेल, घराण्याचे नाव छापायचे की नाही, आणि प्रती कोठे ठेवल्या जातील, हे त्या कागदावर मराठीत स्पष्ट लिहावे. ७५ वर्षांहून जुने, ऐतिहासिक किंवा शास्त्रीय मोलाचे हस्तलिखित १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी सहकाऱ्याने कितीही विनवले तरी मूळ पोथी पाठवायची नाही. छायाचित्रे पुरेशी असतात.

पोथी बांधलेला रुमाल सोडल्यावर पाने ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने आधी टिपून घ्यावीत, मगच जुळवावीत. कारण चुकलेला क्रमही कधी काही सांगून जातो. प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र, कडेला मोजपट्टी ठेवून, दिवसाच्या पसरट उजेडात, फ्लॅशशिवाय घ्यावे. नोंदीत पानांची संख्या, लांबी-रुंदी, ओळींची संख्या, समासातील टिपा, हरताळ लावून खोडलेल्या जागा आणि पुष्पिका (पोथीच्या शेवटी नक्कल करणाऱ्याने केलेली नोंद) हे सर्व यावे. पुष्पिकेतील शक, संवत्सर, मास, तिथी, वार, लेखकाचे नाव आणि गाव जसेच्या तसे, चुकांसह उतरवावे. शुद्ध करून लिहिण्याचा मोह टाळावा. दुरुस्ती हवी तर ती वेगळ्या रकान्यात द्यावी.

कोष्टकांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण आंतरराष्ट्रीय अभ्यासकांना आज सर्वाधिक रस तेथे आहे. रवीच्या मध्यम म्हणजे सरासरी गतीचे कोष्टक घेऊ (६० विकलांची एक कला, ६० कलांचा एक अंश). एका दिवसास ० अंश ५९ कला ८ विकला, दोन दिवसांस १ अंश ५८ कला १६ विकला, तिसऱ्यास २ अंश ५७ कला २५ विकला, चौथ्यास ३ अंश ५६ कला ३३ विकला, पाचव्यास ४ अंश ५५ कला ४१ विकला, असे आकडे येतात. लगतच्या दोन आकड्यांतील अंतर प्रत्येक वेळी ५९ कला ८ किंवा ९ विकला असते. आता समजा पोथीत चौथ्या ओळीत ५६ ऐवजी ५७ कला आहेत. मग त्याआधीचे अंतर १ अंश ० कला ८ विकला होते आणि नंतरचे ५८ कला ८ विकला. एक अंतर एका कलेने वाढले आणि पुढचे तेवढ्यानेच घटले, याचा अर्थ गणित चुकलेले नाही, नक्कल करणाऱ्याचा हात चुकला आहे. हीच चूक दुसऱ्या गावच्या पोथीत त्याच जागी सापडली, तर दोन्ही पोथ्या एका मूळ प्रतीवरून उतरल्या असण्याची शक्यता बळावते. म्हणून चुका ही या कामातील खरी संपत्ती आहे आणि त्या दुरुस्त करून टाकणारा नवोदित नकळत पुरावा नष्ट करतो. पॅरिस वेधशाळेने चालवलेल्या ‘दिशास’ या प्रकल्पात संस्कृत, अरबी, लॅटिन आणि चिनी परंपरांतील अशी कोष्टके एकत्र ठेवून तपासण्याची साधने तयार केलेली आहेत. आपली कोष्टके त्याच पद्धतीने, एका घरात एक आकडा, अंश-कला-विकला वेगळ्या रकान्यांत, अशी उतरवली तर ती लगेच उपयोगी पडतात.

चौथी पायरी: काळाचे गणित सर्वांना समजेल असे करावे

परदेशी सहकाऱ्याशी होणाऱ्या गोंधळांपैकी बहुतेक कालगणनेतून निघतात, असा माझा अनुभव आहे. १५८२ पूर्वीच्या तारखा ज्युलियन पद्धतीने द्याव्यात आणि तसे लिहावे. खगोलगणितात इसवी सनापूर्वी १ या वर्षाला शून्य म्हणतात, त्यामुळे ऋण आकड्यांची वर्षे एका वर्षाने सरकतात. शकाचे वर्ष गत (पुरे झालेले) की वर्तमान (चालू), मास अमान्त (अमावास्येला संपणारा) की पौर्णिमान्त, हे प्रत्येक ठिकाणी सांगावे. वेळ घटी-पळांत असेल तर ती सूर्योदयापासून मोजलेली असते. नाशिकची स्थानिक मध्यम वेळ ग्रिनिचच्या सुमारे ४ तास ५५ मिनिटे पुढे, म्हणजे आजच्या भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे ३५ मिनिटे मागे आहे. भारतीय ज्योतिषात शून्य मानलेल्या उज्जैनच्या रेखेशी हा फरक सुमारे ८ मिनिटांचा म्हणजे २० पळांचा पडतो.

हे सर्व किती महत्त्वाचे आहे, हे आपल्या शेजारच्या एका शिलालेखावरून कळेल. चाळीसगावजवळील पाटणे येथे भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये भास्कराचार्यांच्या वंशजांचा लेख उजेडात आणला. भास्कराचार्यांचे नातू चंगदेव यांनी सिद्धान्तशिरोमणी आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठास दिलेले दान त्यात नोंदलेले आहे. पुढे हा लेख ‘एपिग्राफिया इंडिका’ या शिलालेखविषयक नियतकालिकाच्या पहिल्या खंडात संपादित केला तो फ्रान्झ कीलहॉर्न यांनी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवून ते जर्मनीत ग्योटिंगनला परतले होते. दानाचा काळ शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहण असा दिलेला आहे. नवोदित ११२८ मध्ये ७८ मिळवून १२०६ लिहून मोकळा होतो. परंतु दक्षिणेकडील गणनेने प्रभव संवत्सर येते ते शके ११२९ या गत वर्षी, आणि श्रावण पौर्णिमेचे चंद्रग्रहण पडते ते ९ ऑगस्ट १२०७ रोजी. शकाचा आकडा एका वर्षाने मागे आहे. संवत्सर, मास आणि ग्रहण ही तीन साक्षी मात्र एकमेकांशी जुळतात. हे गणित स्वतः करून पाहावे. नासाच्या ग्रहणसूचीत इसवी सनापूर्वी २००० पासून इसवी सन ३००० पर्यंतची ग्रहणे आहेत, आणि स्टेलॅरियम हे विनामूल्य सॉफ्टवेअर त्या रात्रीचे आकाश दाखवते. वेळेबाबत मात्र सावध राहावे. पृथ्वीच्या मंदावलेल्या गतीमुळे करावी लागणारी दुरुस्ती तेराव्या शतकाच्या आरंभी सुमारे बारा मिनिटांची आहे, तर इसवी सनापूर्वी आठव्या शतकात ती साडेपाच तासांच्या पुढे जाते.

पाचवी पायरी: पत्र

ज्यांना लिहायचे त्यांचे निदान दोन लेख आधी वाचावेत. पत्र इंग्रजीत, एका पानाहून लहान असावे. पहिल्या वाक्यात आपण कोण आणि कोठले, दुसऱ्यात आपल्याकडे काय आहे, नंतर आपण काय तपासले आणि कोठे अडलो, आणि शेवटी एकच प्रश्न. सोबत पुष्पिकेचे आणि एका कोष्टकाचे छायाचित्र, संस्कृत शब्दांचे आंतरराष्ट्रीय रोमन लिप्यंतर आणि आकड्यांची फाइल जोडावी. भारताची थोरवी किंवा पाश्चात्त्यांनी केलेला अन्याय यांविषयीची प्रस्तावना पत्रात नको. त्या प्रश्नांना जागा आहे, पण ती लेखात, पुराव्यासह. उत्तर यायला महिनाही लागतो. न आल्यास एकदाच स्मरण द्यावे आणि मग दुसऱ्या अभ्यासकाकडे वळावे.

उत्तर आले की काम सुरू होण्यापूर्वीच काही गोष्टी लेखी ठरवाव्यात: लेखकांची नावे कोणत्या क्रमाने येतील, पोथीधारक घराण्याचे ऋण कसे नोंदवले जाईल, छायाचित्रे कोणत्या परवान्याखाली प्रसिद्ध होतील आणि मतभेद राहिल्यास ते कसे छापायचे. हे विचारणे उद्धटपणाचे नाही. अनुभवी संशोधक हे स्वतःहून विचारतात, आणि जे टाळाटाळ करतात त्यांच्याशी काम न केलेले बरे. माहिती गोळा करणारा नाशिकचा आणि नाव मात्र दुसऱ्याचे, अशी वाटणी स्वीकारू नये. तितकेच हेही खरे की, केवळ छायाचित्र पाठवल्याने कोणी सहलेखक होत नाही; वाचन, गणित किंवा अर्थनिर्णय यांत आपला वाटा असायला हवा.

पुढे

संशोधकाचा कायमचा क्रमांक देणाऱ्या ‘ऑर्किड’ची विनामूल्य नोंदणी करून घ्यावी. आकड्यांच्या फाइली जिनेव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत चालणाऱ्या ‘झेनोडो’ या भांडारात ठेवता येतात. तेथे त्यांना कायमचा ओळखक्रमांक मिळतो, त्यामुळे इतरांना त्यांचा नावानिशी उल्लेख करता येतो. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघात इतिहासासाठी स्वतंत्र आयोग आहे, परंतु सदस्यत्वाची घाई करू नये. पौर्वात्य खगोलशास्त्रावरील आंतरराष्ट्रीय परिषद २०१६ साली पुण्यात भरली होती. अशी परिषद पुन्हा जवळपास भरेल तेव्हा भित्तिपत्रक घेऊन जावे. पहिल्या भेटीत मोठ्या व्याख्यानांपेक्षा भित्तिपत्रकासमोर उभे राहून होणारी बोलणी अधिक उपयोगाची ठरतात.

लेख प्रसिद्ध झाला की त्याची एक प्रत आणि पोथीच्या सर्व छायाचित्रांचा संच पोथीधारक घराण्याला नेऊन द्यावा, दुसरा संच नाशिकमधील एखाद्या वाचनालयात ठेवावा, आणि लेखाचा मराठी सारांश स्वतः लिहावा. पोथी कोणत्या शकातली, ती कोणी उतरवली आणि तिच्यातील कोष्टकांवरून काय ठरले, एवढे त्यात आले म्हणजे पुरे. असा सारांश वाचल्यावर शेजारच्या वाड्यातील दुसरा रुमाल तपासायला मिळण्याची शक्यता पुष्कळ वाढते.